गोळीमुळे बाबांच्या चेहऱ्यावर फोड, काय लावू? (बजेट महिना ५००)

तासगावचा_पोरगा
बाबा ६३ वर्षांचे. फुफ्फुसाचा कॅन्सर, ईजीएफआर पॉझिटिव्ह (पेशी वाढवणाऱ्या ईजीएफआर या प्रथिनात बिघाड). त्यावर जेफिटिनिब २५० ची गोळी, रोज एक. दुसऱ्या आठवड्यात नाक, कपाळ, छातीवर पिवळ्या तोंडाचे फोड उठले, डोक्यातसुद्धा. आग होते, खाज सुटते. द्राक्षबागेत गेल्याशिवाय त्यांना करमत नाही. साबण, क्रीम सुचवा. ५०० च्या वर जमणार नाही.

विश्रामबाग_वहिनी
माझ्या जाऊबाईंना पुण्याच्या डॉक्टरांनी फ्रेंच कंपनीचं क्रीम दिलं होतं, एक ट्यूब २४०० ला. फेसवॉशही त्यांचाच घ्या. तब्येतीपुढे पैसा बघू नये.

हळदीवाला
२४०० कशाला घालवताय भावा? आपल्या सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, उगीच नाही. राजापुरी हळद सायीत कालवून लावा. माझी मुरमं पार गेली.

कृष्णाकाठ
जीआय "सांगली हळद" म्हणून आहे, राजापुरी ही जात झाली. आणि बाजारात येते ती शिजवून, पॉलिश केलेली. कुणाच्या चेहऱ्याला चोळायला नव्हे.

हळदीवाला
आमची तीन पिढ्यांची हळद आहे, मला शिकवू नका.

मिरजेची_सिस्टर
हळद राहू द्या. ही मुरमं नाहीतच. ही गोळी ज्या ईजीएफआरला अडवते तो त्वचेतही असतो, म्हणून फोड येतात. मुरमांची औषधं कातडी कोरडी करतात, ती अजिबात नकोत. कोमट पाण्यानं आंघोळ, बिनवासाचा सौम्य साबण, अंग ओलसर असतानाच साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर. हे ५०० त बसतं. हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का (सौम्य स्टेरॉइड मलम) आणि डॉक्सीसायक्लिन (अँटिबायोटिक गोळी) बऱ्याचदा देतात, पण डॉक्टरांना विचारूनच. उन्हात एसपीएफ ३० चं सनस्क्रीन लावायचंच. आणि पित्ताची गोळी रोज चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, तिच्यामुळं जेफिटिनिब कमी शोषलं जातं.

कडेगाव_एक्सप्रेस
सिस्टर बरोबर. आमच्या आईला मेडिकलवाल्यानं फोड बघून बेन्झॉइल पेरॉक्साइडची, म्हणजे मुरमांची जेल दिली होती. गाल सोलून निघाले. दुकानाचं नाव घेत नाही, पण त्या काउंटरवर परत पाय ठेवला नाही. फोड आले म्हणजे औषध लागू पडतंय म्हणतात, तेव्हा खूश व्हा!

मिरजेची_सिस्टर
असा संबंध अभ्यासांत दिसलाय, पण फोड आले नाहीत म्हणजे औषध चालत नाही असं नाही. आणि फोडांना वैतागून गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. डोस डॉक्टर ठरवतील.

इस्लामपूरचे_काका
आमच्या साडूंना तळहात-तळपायाला डायक्लोफेनॅक जेल चोळायला सांगितलेलं. एम्सचा अभ्यास आहे. कंबरदुखीचीच जेल, स्वस्तात मिळते.

कडेगाव_एक्सप्रेस
काका, तो अभ्यास कॅपेसिटाबिनचा. ते केमोचं औषध, हातपाय सोलतात त्यासाठी. इथं चेहरा चाललाय.

इस्लामपूरचे_काका
कॅन्सर तो कॅन्सर.

मिरजेची_सिस्टर
नाही हो काका. पोरा, नखांच्या कडा सुजतात का तेही बघत जा, बागेत चप्पल नको, पाय झाकणारे सैल बूट घाल म्हणावं. ताप, फोडांतून पू पसरणं, डोळे लाल, जुलाब, नवा खोकला किंवा धाप, यातलं काही दिसलं तर तारखेची वाट बघायची नाही.

विश्रामबाग_वहिनी
फ्रेंच क्रीमवर आता सूट चालू आहे.

तासगावचा_पोरगा
सगळ्यांचे आभार. हॉस्पिटलात फोन केला. डॉक्सीसायक्लिन १०० आणि हायड्रोकॉर्टिसोन लिहून दिलं. पित्ताची गोळी खरंच चालू होती, ती बदलली. सनस्क्रीन आणलं, पण बाबा म्हणतात तोंडाला पांढरं फासून बागेत जाणार नाही. परत केलं. पूर्ण बाहीचा शर्ट, डोक्याला टॉवेल, आणि ऊन चढायच्या आत घरी, एवढ्यावर तडजोड झाली.

मिरजेची_सिस्टर
टॉवेलनं नाक आणि गाल झाकले जात नाहीत. डॉक्सीवर ऊन आणखी बाधतं, मोठ्या काठाची टोपी घे. गोळी भरपूर पाण्याबरोबर, दुधासोबत नको, आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही.