सल्ला हवा : फायरबेस वाढवलं आणि पॉड इन्स्टॉल अडलं (‘नवा मॅक घ्या’ सोडून काहीही सांगा)

दूधगंगा_कोडर

नमस्कार मंडळी,

आमच्याकडच्या एका दूध संस्थेसाठी फ्लटरमध्ये (एकाच कोडात अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही) ॲप करतोय. सभासदाच्या कार्डावरचा क्यूआर स्कॅन केला की लिटर, फॅट, एस.एन.एफ. (फॅट सोडून दुधातला घन भाग) फायरस्टोअरमध्ये (गूगलच्या फायरबेस सेवेतला डेटाबेस) जातं आणि सभासदाला नोटिफिकेशन येतं. अँड्रॉइडवर झकास चाललंय. घोडं अडलंय आयफोनवर.

एप्रिल २०२५ मध्ये ॲप स्टोअरने एक्सकोड (ॲपलचं ॲप बांधायचं साधन) १६ किंवा त्यापुढचंच हवं असा नियम केला, म्हणून एक्सकोड चढवलं. त्यावर बिल्ड (कोडमधून ॲप बांधणं) ‘बोरिंगएसएसएल-जीआरपीसी’ या फायरबेससोबत येणाऱ्या लायब्ररीपाशी पडायला लागली : ‘अनसपोर्टेड ऑप्शन -जी’. शोधाशोध केली तर जो तो म्हणतोय फायरबेस वाढवा. वाढवलं. कोअर २ वरून ३ वर, बाकीची पॅकेजंही सोबत. आता कोकोपॉड्स (आयफोनच्या लायब्ऱ्या, म्हणजे पॉड, आणून बसवणारं साधन; ‘पॉड इन्स्टॉल’ ही त्याची कमांड, पॉडफाइल ही त्याची यादी) हे म्हणतं :

[!] कोकोपॉड्स कुड नॉट फाइंड कम्पॅटिबल व्हर्जन्स फॉर पॉड "फायरबेस/कोअरओन्ली"
इन स्नॅपशॉट (पॉडफाइल.लॉक) : = १०.२५.०
इन पॉडफाइल : फायरबेस_कोअर डिपेंड्स ऑन = ११.१०.०

मशीन : सेकंडहँड मॅक मिनी २०१८, इंटेल आय३, रॅम ८ जीबी, डिस्क १२८ जीबी. बजेट जास्तीत जास्त दीड हजार रुपये, तेही गरज पडली तर. सोमवारी संचालक मंडळापुढे डेमो आहे.

---

खडकवासला_७२

नवा मॅक घ्या. :)

गंमत नाही करत. एम४ चिपचा मॅक मिनी बेसलाच १६ जीबी रॅमचा येतो, भारतात ५९,९०० ला आला होता. मी मुलीच्या कॉलेजच्या ओळखपत्रावर आणखी स्वस्तात उचलला. बिल्ड कधी सुरू झाली आणि कधी संपली कळत नाही. ८ जीबीवर एक्सकोड म्हणजे आत्मक्लेश.

---

फ्लटरभक्त

फ्लटर क्लीन (जुनी बिल्ड पुसणं), मग फ्लटर पब गेट, मग आयओएस फोल्डरमध्ये जाऊन पॉड इन्स्टॉल. माझं नेहमी यानेच सुटतं.

---

सनीव्हेलकर

टर्मिनलमध्ये ‘आर्च -एक्स८६_६४ पॉड इन्स्टॉल’ द्या. एफएफआय या रूबी जेमचा (कोकोपॉड्सला लागणारी लायब्ररी) घोळ असतो. आमच्या टीममध्ये सगळ्यांना हाच त्रास झाला होता, मीच शोधून काढलं होतं.

---

बाराखडी

@सनीव्हेलकर, त्यांचं मशीन इंटेलचं आहे हो. ते आधीच एक्स८६ आहे, आर्च लावून कुठे नेणार? एफएफआयचा तो घोळ एम१ आल्यावरचा, आणि त्याची एरर ही नव्हे.

---

सनीव्हेलकर

करून बघायला काय जातंय?

---

मुळशी_पॅटर्न_मॅचर

पॉडफाइल.लॉक उडवा, पॉड्स फोल्डर उडवा, ‘पॉड इन्स्टॉल --रेपो-अपडेट’. संपला विषय.

---

फ्लटरभक्त

+१. आणि त्याआधी फ्लटर क्लीन विसरू नका.

---

आजोबा_कोबोल

लॉक फाइल उडवा हे आजकाल पोरं पाणी प्या म्हटल्यासारखं सांगतात. अहो, ती फाइल असते कशाला? कुठल्या पॉडची नेमकी कुठली आवृत्ती बसली याची ती नोंद. ती उडवली की फायरबेसच नव्हे, प्रत्येक पॉड पॉडफाइलच्या अटीत बसेल तितका नवा होतो. मग तिसरीकडेच काहीतरी मोडतं आणि का मोडलं ते कळत नाही.

इथे एरर सरळ आहे. लॉक फाइल १०.२५.० धरून बसलीय, नवं प्लगिन ११.१०.० च पाहिजे म्हणतंय, तेही बरोबरच्या खुणेने, म्हणजे तडजोड नाही. ‘पॉड अपडेट फायरबेस/कोअरओन्ली’ एवढं द्या. तेवढाच धागा सुटेल. त्याच्यासोबतचे दुसरे फायरबेस पॉड अडले तर त्यांचीही नावं त्याच ओळीत द्या.

---

मुळशी_पॅटर्न_मॅचर

काका, एकेका पॉडचं नाव देत बसलो तर डेमो दिवाळीत होईल. गिट (कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणारं) आहे ना? उडवून बघा, पटलं नाही तर मागे या.

---

अँड्रॉइडवाला

आमच्याकडे बरंय. ग्रेडलमध्ये (अँड्रॉइडचं बिल्ड साधन) ‘डिपेंडन्सीइनसाइट’ चालवलं की कोणी कोणाला ओढलं ते सगळं झाड दिसतं. फक्त जावाकडे लक्ष ठेवा. ‘अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६५’ आलं तर ६५ म्हणजे जावा २१, त्याला ग्रेडल ८.५ पासून पुढचं लागतं. परवाच आमच्या ऑफिसात...

---

बाराखडी

धागा आयओएसचा आहे.

---

अँड्रॉइडवाला

माहिती म्हणून दिली. पुढे कोणाच्या तरी कामी येईल.

---

दूधगंगा_कोडर

सगळ्यांचे आभार. आजोबांचं ऐकून आधी ‘पॉड अपडेट’ दिलं. ती एरर गेली, पण खाली दुसरी उगवली. मग मुळशीकरांचं ऐकून लॉक उडवली, तरी तीच :

[!] कोकोपॉड्स कुड नॉट फाइंड कम्पॅटिबल व्हर्जन्स फॉर पॉड "गूगलडेटाट्रान्सपोर्ट"
फायरबेसमेसेजिंग : ~> १०.०
मोबाइल_स्कॅनर मार्गे एमएलकिटकॉमन : < १०.०

आर्चही दिलं, सनीव्हेलकरांच्या समाधानासाठी. फरक शून्य.

---

खडकवासला_७२

म्हणून म्हटलं होतं.

---

बाराखडी

नव्या मॅकवर हीच एरर अक्षरशः अशीच येईल. आवृत्त्यांच्या भांडणाशी रॅमचा काय संबंध?

---

खडकवासला_७२

येईल, पण लवकर येईल.

---

निळा_डबा

आता खरी गोम सापडली. हे मी निस्तरलंय, म्हणून सविस्तर.

तुमचं भांडण फायरबेस आणि फ्लटर यांच्यात नाहीच. ते फायरबेस आणि तुमचा क्यूआर स्कॅनर यांच्यात आहे. मोबाइल_स्कॅनरची ५ ची मालिका आयफोनवर गूगलचं एमएलकिट ६ (कॅमेऱ्यातून कोड वाचणारी लायब्ररी) वापरते. त्या एमएलकिटला गूगलडेटाट्रान्सपोर्ट १० च्या खालचं हवं. फायरबेस ११ ला १० च्या मालिकेतलं. एका ॲपमध्ये एका पॉडची एकच आवृत्ती बसते, त्यामुळे कोकोपॉड्सने हात वर केले. कितीही क्लीन करा, आकडे तेच राहणार.

वाट दोन :

स्कॅनर ६ वर न्या. तो एमएलकिट ७ वर गेलाय, भांडण मिटतं. पण पॉडफाइलमधली ‘प्लॅटफॉर्म :आयओएस’ची ओळ १५.५ करावी लागेल. त्याखालचे आयफोन सुटले.

नाहीतर थेट ७ वर न्या. त्यात आयफोनवर एमएलकिटच काढून टाकलंय, ॲपलचं स्वतःचं व्हिजन वापरतात. पॉडचा संबंधच संपला, ॲपचा आकारही उतरतो. मात्र त्याला फ्लटर बरंच नवीन लागतं, आणि ५ वरून ७ वर जाताना स्कॅनरचा कोड थोडा बदलावा लागेल. माझा कौल ७ ला.

---

बाराखडी

+१. मी हेच लिहायला आलो होतो. ७.

---

मुळशी_पॅटर्न_मॅचर

७ ला माझाही कौल.

---

फ्लटरभक्त

७ वर जा, पण गेल्यावर फ्लटर क्लीन करा.

---

स्विफ्टसुंदरी

मुळात कोकोपॉड्स वापरायचंच कशाला? २ डिसेंबर २०२६ ला बंद होतंय. ॲपलच्या स्वतःच्या स्विफ्ट पॅकेज मॅनेजरवर या. फ्लटरमध्येही एका कॉन्फिगच्या ओळीने चालू होतं. मी माझी सगळी ॲप्स हलवली, अत्यंत समाधानी आहे.

---

आजोबा_कोबोल

बाई, बंद होत नाहीये. त्या दिवसापासून त्यांचं मध्यवर्ती भांडार फक्त वाचण्यापुरतं उरणार आहे. आहेत ते पॉड उतरतील, ‘पॉड इन्स्टॉल’ चालेल, नव्या आवृत्त्या मात्र चढणार नाहीत. अर्धवट बातमी पसरवून पोरांना घाबरवू नका.

---

स्विफ्टसुंदरी

नव्या आवृत्त्या चढणार नाहीत म्हणजे व्यवहारात बंदच की. नळ आहे पण पाणी नाही.

---

आजोबा_कोबोल

आणि प्लगिनवाल्याने स्विफ्ट पॅकेजचा आधार दिला नसेल तर फ्लटर परत कोकोपॉड्सकडेच वळतं. तेव्हा दोन्ही संसार सांभाळा. सोमवारच्या डेमोआधी हे करायचं नसतं.

---

पॉपकॉर्नवाला

वाखूसा (वाचनखूण साठवली). बसलोय.

---

रॅमभरोसे

अवांतर : खडकवासलांनी चुकीची माहिती दिली म्हणून लिहितो. २०१८ च्या मिनीची रॅम बदलता येते! दोन स्लॉट आहेत, लॅपटॉपची साधी डीडीआर४ लागते. नंतरच्या एम मालिकेत ती सोय गेली. खालचं गोल झाकण निघालं की अँटेनाची प्लेट लागते, तिला टॉर्क्स पेचकस लागतो, मधे भोक असलेला. पंखा काढून बोर्ड मागून सरकवायचा. अँटेनाची वायर जपून. मी घरीच केलं, जुनी जोडी पडून आहे, हवी असेल तर निरोप टाका. डिस्क मात्र बोर्डावरच चिकटलेली, तिथे इलाज नाही.

---

खडकवासला_७२

मी रॅम बदलता येत नाही असं कधी म्हटलं? मी नवा घ्या म्हटलं. आणि त्या मशीनला मॅकओएस टाहो मिळत नाही, त्याआधीच्या सिक्वोइयावर गाडी थांबली. किती दिवस ओढणार?

---

रॅमभरोसे

सिक्वोइयावर एक्सकोड १६ चालतं. त्यांना एवढंच हवंय.

---

गप्प_वाचक

फारसा लिहीत नाही, पण एक सांगतो. बोरिंगएसएसएल फायरस्टोअरमुळे येतं, आणि आय३ वर ते सगळं सी++ दर वेळी बांधणं म्हणजे चहा करून, पिऊन, कप धुऊन होतो. इन्व्हर्टेस कंपनीवाल्यांनी फायरस्टोअर आधीच बांधून गिटहबवर ठेवलंय. पॉडफाइलमध्ये फायरबेसफायरस्टोअरची ओळ गिटचा पत्ता आणि टॅगसह लिहायची. टॅग तुमच्या फायरबेसच्या आकड्याशी तंतोतंत जुळला पाहिजे. बोरिंगएसएसएल तुमच्या मशीनवर बांधलंच जात नाही, त्यामुळे ती ‘-जी’ची एररही येत नाही. म्हणजे मुळात फायरबेस वाढवायचं कारणच उरलं नसतं.

---

सनीव्हेलकर

रॅम बदलताना वॉरंटी जाते का?

---

रॅमभरोसे

२०१८ चं सेकंडहँड मशीन आहे साहेब.

---

घाटावरचा_हॅकर

‘-जी’चं कोणी फोड करून सांगितलंच नाही. जुन्या पॉडमध्ये कंपायलरला ‘-जीसीसी_वॉर्न_इनहिबिट_ऑल_वॉर्निंग्ज’ असा एक फ्लॅग दिलाय. नव्या क्लँगला (एक्सकोडच्या कंपायलरला) त्यातलं ‘-जी’ म्हणजे वेगळाच पर्याय वाटतो आणि तो नाही म्हणतो. पॉडफाइलच्या पोस्ट_इन्स्टॉलमध्ये बोरिंगएसएसएल-जीआरपीसी हे टार्गेट गाठून प्रत्येक फाइलच्या ‘कंपायलर_फ्लॅग्ज’मधून तो काढला की जुनं फायरबेस एक्सकोड १६ वर बांधलं जातं. दुसरं पोस्ट_इन्स्टॉल लिहू नका, एकापेक्षा जास्त चालत नाही. फ्लटरचं जे आहे त्याच्याच लूपमध्ये, ‘फ्लटर_ॲडिशनल_आयओएस_बिल्ड_सेटिंग्ज’च्या ओळीखाली घाला.

हे ठिगळ आहे, शिफारस नाही. कायमचं ठेवू नका.

---

निळा_डबा

कृपया हे करू नका. स्कॅनर ७ वर न्या आणि सुटा. मागे आमच्याकडे असंच ठिगळ ‘तात्पुरतं’ म्हणून लावलं, लावणारा नोकरी सोडून गेला. पॉडफाइलला हात लावायची कोणाची छाती होईना.

---

बाराखडी

ठिगळाला -१.

---

स्विफ्टसुंदरी

-१. स्विफ्ट पॅकेज.

---

खडकवासला_७२

-१. एम४.

---

दूधगंगा_कोडर

मंडळी, ठरलं. घाटावरच्या हॅकरचं ठिगळ लावलं.

निळा डबा, राग मानू नका. तुमचं तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण ७ साठी फ्लटर वाढवायचं म्हटलं की अँड्रॉइडचं ग्रेडलही हलणार, आणि तिथे आज सगळं धड चाललंय. संस्थेत आयफोन आहे तो चेअरमन साहेबांकडे आणि आणखी दोघा-तिघांकडे. तीन-चार आयफोनसाठी शेकडो अँड्रॉइडवाल्यांचं ॲप सोमवारच्या तोंडावर ढवळायचं नाही.

केलं ते असं : गिटमधून पबस्पेक.यामल, पबस्पेक.लॉक (फ्लटरच्या पॅकेजांच्या याद्या) आणि पॉडफाइल.लॉक तिन्ही जुन्या आणल्या. नुसती पॉडफाइल.लॉक आणून भागत नाही, प्लगिन नवीनच राहतं आणि पहिली एरर परत येते. मग पोस्ट_इन्स्टॉलमध्ये फ्लॅग काढायच्या ओळी, आणि ‘पॉड अपडेट’ नव्हे, ‘पॉड इन्स्टॉल’. फायरबेस १०.२५.०, स्कॅनर ५. मध्येच डिस्क भरली म्हणून डिराइव्हडडेटा (एक्सकोडच्या बिल्डचा साठा) रिकामा केला आणि जुने सिम्युलेटर उडवले. बिल्ड निघाली. चेअरमन साहेबांच्या फोनवर कार्ड स्कॅन होतंय, पावती दिसतेय.

गप्प वाचकांचं बांधलेलं फायरस्टोअर डेमो झाला की १०.२५.० चा टॅग लावून बघणार. तेव्हा ठिगळही निघेल. दीड हजार शिल्लक आहेत.

---

निळा_डबा

तुमचं ॲप, तुमची मर्जी. ठिगळावर निदान कॉमेंट लिहा : का लावलं, कुठल्या आवृत्तीपर्यंत लागतं, कधी काढायचं. आणि पॉडफाइल.लॉक गिटमध्ये चढवा.

---

आजोबा_कोबोल

लॉक फाइल गिटमध्ये होती म्हणूनच परत आणता आली, हे मुळशीकरांनी टिपून ठेवावं.

---

मुळशी_पॅटर्न_मॅचर

काका, ‘गिट आहे ना’ हे मीच विचारलं होतं.

---

फ्लटरभक्त

फ्लटर क्लीन केलं होतं का मध्ये?

---

दूधगंगा_कोडर

केलं होतं.

---

फ्लटरभक्त

मग बरोबर.