शाळेसमोरचा रस्ता आणि गाड्यांचा वेग: तुमचे अनुभव लिहा

शाळेच्या दारासमोरून ताशी ३० किलोमीटरच्या वर एकही गाडी जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. पायी चालणारे आणि गाड्या जिथे एकत्र येतात, तिथे जागतिक आरोग्य संघटनाही हीच मर्यादा सांगते. पुण्यात प्रत्यक्ष काय घडतं, ते रोज तिथे उभं राहणाऱ्यांनी लिहावं. शाळेचं नाव नको, परिसर मात्र जरूर सांगा.

पालक, कर्वेनगर
सकाळची शाळा सुटते आणि दुपारची भरते, तेव्हा फार भीती वाटते. फुटपाथवर दुचाक्या लावलेल्या, त्यामुळे पोरं रस्त्यावरून चालतात. मुलगी तिसरीत आहे. उभ्या रिक्षाच्या आड ती दप्तरासकट झाकली जाते. पुढून पटकन बाहेर आली, तर मागून येणाऱ्याला दिसणार कधी?

इंजिनिअर, वारजे
ताई, तुमच्या प्रश्नाला आकड्यांत उत्तर देतो. रस्ता कोरडा आणि ब्रेकवर पाय जायला एक सेकंद धरला, तर ३० च्या वेगातली गाडी साधारण १३ मीटरमध्ये थांबते. ५० ला २७-२८ मीटर लागतात. ५० च्या वेगात त्या पहिल्या सेकंदातच जवळजवळ १४ मीटर जातात. म्हणजे ३० वाला जिथे थांबलेला असतो, तिथे पोचेपर्यंत ५० वाल्याचा ब्रेक लागलेलाही नसतो. पावसात याहून वाईट.

व्हॅनवाले काका, धनकवडी
आमच्या शाळेपुढे नवीन डांबर पडलं, त्यात स्पीडब्रेकर गेला आणि पांढरे पट्टेही गेले. दोन्ही परत आले नाहीत. रस्ता गुळगुळीत झाल्यापासून टेम्पो सुसाट येतात. ‘पुढे शाळा आहे, वाहने सावकाश हाका’ अशी पाटी आहे, पण तिच्यावर वाढदिवसाचा फ्लेक्स. पोरं उतरवताना मी आधी स्वतः उतरतो आणि हात आडवा धरतो.

निवृत्त शिक्षिका, सदाशिव पेठ
बाजीराव रस्ता एकेरी. समोरून कोणी येणार नाही हे माहीत असल्यामुळे सिग्नल सुटला की सगळे एकदम निघतात. ११ डिसेंबरला पादचारी दिनी लक्ष्मी रस्ता गाड्यांना बंद असतो, तेव्हा मात्र नातवाचा हात सोडून चालता येतं.

आजोबा, कोथरूड
लेक ब्रिटनमधल्या वेल्सच्या कार्डिफला असते. वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी ३० मैलांऐवजी २० मैल, म्हणजे साधारण ३२ किलोमीटर मर्यादा आहे. लोकांनी विरोधही खूप केला.

मणक्याचं दुखणं असलेली, पौड रस्ता
वेग कमी हवाच, पण रातोरात घातलेले ते टोकदार उंचवटे नकोत! रिक्षात जीव जातो. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मापाचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो, ताशी २५ ने त्यावरून नीट जाता येतं. तसा आमच्या शाळेपुढे घालणार असतील, तर अर्जावर पहिली सही माझी.