सावंतवाडीच्या राजवाड्यातल्या गंजिफा: काय बघायचं, कसं बघायचं?

आडवाटेकर: जानेवारीत गोव्याला जाताना सावंतवाडीत अर्धा दिवस हाताशी आहे. राजवाड्याच्या दरबार हॉलमधल्या गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, बघायच्या आहेत. मोगल आणि दशावतारी असे दोन प्रकार असतात एवढंच ऐकून माहीत. समोर शे-सव्वाशे गोल पानं मांडलेली असली की त्यातलं काय ओळखायचं? आणि एखादा जोड, म्हणजे पानांचा पूर्ण संच, विकत घ्यायचा झाला तर काय पारखून घ्यावं?

चंगकांचनी: आधी रंग ओळखा (रंग म्हणजे इस्पिक-बदामसारखे पानांचे गट), चित्रं मागाहून. दोन्ही प्रकारांत एका रंगाची 12 पानं असतात: राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. मोगल जोडात 8 रंग, म्हणजे 96 पानं. मराठीत यालाच चंगकांचनी म्हणतात. दशावतारीत 10 रंग, म्हणजे 120.

मोगल जोडाचे रंग म्हणजे सगळा दरबारी कारभार आहे. ताज, शमशेर, गुलाम, सुर्ख म्हणजे सोन्याची नाणी, सफेद म्हणजे चांदीची, बरात म्हणजे कागदपत्रं. हा खेळ इराणकडून आला. 1527 मध्ये बाबराने सिंधच्या शाह हसनला गंजिफा धाडल्या होत्या. आपल्याकडे त्याच चौकटीत अवतार येऊन बसले: मत्स्याचा मासा, कूर्माचं कासव, वामनाचा कमंडलू, परशुरामाचा परशू. राजाच्या पानावर खुद्द अवतार, प्रधानाच्या पानावर बहुधा घोडेस्वार. इराणी सांगाडा तसाच ठेवून आत आपली पुराणं भरली, हे या पानांचं खरं वैभव. म्हणून दोन्ही जोड शेजारी शेजारी ठेवून बघा. एकटा दशावतारी बघितला तर नुसती देवांची चित्रं वाटतात.

आणखी एक गंमत आहे. निम्म्या रंगांत राजा-प्रधानांखालोखाल दश्शी मोठी, उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा. हुकूम नसतो. तिघांत खेळतात, दशावतारीत प्रत्येकी 40 पानं. दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे तो सुरुवात करतो, रात्री कृष्णाचा.

खळ-लाख: वरचं सगळं बरोबर, पण रंगांच्या खुणा गावोगाव बदलतात. पुस्तकातलं चित्र जुळलं नाही म्हणून जोड चुकीचा ठरवू नका.

आता पारख. जुन्या पद्धतीत कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे. चिंचोके भिजवून, साल काढून, वाटून शिजवले की खळ होते. त्यावर खडूचा लेप, तो सुकला की गुळगुळीत दगडाने घोटाई, मग गोल कापून रंगकाम आणि शेवटी लाखेचा हात. हल्ली बरेचदा कापडाऐवजी कागदी पुठ्ठा असतो. त्यात फसवणूक नाही, पण विचारून घ्या.

हातरंगाई ओळखायला भिंग लागतं. छापील पानावर बारीक ठिपक्यांची जाळी दिसते. हाताच्या कामात रेघ सुरुवातीला जाड, सुटताना बारीक होते. एकाच रंगाची अठ्ठी आणि नव्वी शेजारी धरा, दोन मासे हुबेहूब सारखे असतील तर संशय घ्या. मग पान सपाट टेबलावर ठेवा. डुगडुगलं तर थर एकसारखे सुकलेले नाहीत, ते पुढे आणखी वाकणार. पाठीचा रंग सगळ्या पानांना एकच हवा, नाहीतर पाठीवरूनच पान ओळखू येतं आणि जोड खेळायला निरुपयोगी होतो. शेवटी 120 पानं तिथेच मोजा.

आडवाटेकर: आभार. मुंबईच्या पावसाळ्यात टिकेल का?

खळ-लाख: दमटपणात लाखेची पानं एकमेकांना चिकटतात, आणि खळ असेल तर कसर लागते. दोन पानांमध्ये बटर पेपरचा गोल तुकडा घाला, डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा. चिकटलेली पानं ओढून सोडवू नका, रंगाचा पापुद्रा निघतो. कोरड्या दिवशी पंख्याखाली ठेवून कडेने हळूहळू सोडवा. उन्हात ठेवलंत तर वाकतील.

तळ्याकाठी: सावंतवाडी रोड स्टेशन गावापासून लांब आहे, रिक्षाचा वेळ धरा. राजवाडा मोती तलावाच्या काठी, जांभ्या दगडाचा. निघण्यापूर्वी फोन करून उघडण्याच्या वेळा विचारा, आणि आत फोटो काढायचे तर आधी परवानगी घ्या. दरबार हॉलमध्ये कारागीर काम करत असले तर बाजूला उभं राहून रेघ कशी सुटते ते पाहा, वरची भिंगाची परीक्षा तिथेच समजेल. ही कला जवळजवळ संपली होती. 1970 च्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी जुने कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून शिकून ती पुन्हा उभी केली. म्हणून जोड तिथूनच घ्यावा असं मला वाटतं. लाकडी फळं आणि खेळणी हवी असतील तर चितारआळीत जा.