अप्पाकाकांची निळ्या इन्लँडवरची चित्रं कशी जपावीत?

वारज्याची पुतणी

नमस्कार. सल्ला हवाय, त्यासाठी जरा सविस्तर लिहिते.

आमचे अप्पाकाका १ मराठा लाइट इन्फंट्रीत, म्हणजे जंगी पलटणीत होते. १९७१ च्या डिसेंबरात, बांगलादेशच्या युद्धात, ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरला गेलेल्यांतले. गेल्या श्रावणात ते गेले. नंतर त्यांची ट्रंक उघडली तेव्हा तळाशी सत्तावीस निळी इन्लँड सापडली, सगळी काकूला लिहिलेली. मनीऑर्डर पोचली का, कसब्यातल्या खोलीचं भाडं दिलंस का, थोरल्याचा खोकला गेला नसेल तर अडुळसा दे. बस्स, एवढंच. आणि प्रत्येक पत्रात मजकुराखाली पेन्सिलीचं एक चित्र. रणगाडा नाही, बंदूक नाही. नुसते हात.

एकच सांगते. इनॅमलचा मग धरलेला हात आहे, अंगठा मगाच्या कडेवर अडकवलेला. अंगठ्याचं नख मधोमध उभं चिरलंय आणि त्या चिरेत मातीची केसाएवढी रेघ. ती रेघ काढण्यासाठी त्यांनी ब्लेडने पेन्सिल किती तासली असेल, हेच मनात घोळत राहतं.

पेन्शनीत आल्यावर काका रोज सकाळी मंडईत जाऊन बसायचे. मेथीच्या जुड्या बांधणारे, तराजू धरणारे, लिंबं मोजून देणारे हात काढायचे. कागद शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून आणायचे. ती चित्रं अजून ठणठणीत आहेत. इन्लँड मात्र घड्यांवर विरलीत, तीन पत्रांवर तपकिरी ठिपके आलेत. चुलतभाऊ म्हणतो लॅमिनेट करून टाकू.

११ डिसेंबरला काकांच्या आठवणीसाठी ही चित्रं मांडायची आहेत. पण मजकूर चारचौघांनी वाचलेला काकूला नकोय. दुसरं म्हणजे, एका कलादालनात विचारायला गेले तर तिथले गृहस्थ चाळून म्हणाले, "यात युद्धाचं काहीच नाही का?" मला तिथे उत्तर सुचलं नाही. रिक्षात बसल्यावर रडू आलं.

फ्रेमवाला, सदाशिव पेठ

ताई, लॅमिनेशन अजिबात नको! भावाला आजच फोन करा. उष्णतेने प्लास्टिक कागदाला जे चिकटतं ते परत सुटत नाही. सेलोटेपही नको, त्याचा गोंद कागदात उतरतो आणि पिवळा पट्टा कायमचा राहतो.

ठिपके बहुधा बुरशीचे आहेत. ती तीन पत्रं बाकीच्यांपासून लगेच वेगळी करा आणि कोरड्या, हवेशीर जागी सावलीत ठेवा. ओल्या फडक्याने पुसू नका. पेन्सिलीवर तर कोरडं बोटसुद्धा फिरवू नका, रेघ पसरते. सगळी पत्रं फ्लॅटबेड स्कॅनरवर ६०० डीपीआयने स्कॅन करून घ्या, हे पहिलं काम. विरलेल्या घड्यांना घरी खळ लावत बसू नका. भांडारकर संस्थेत पोथ्यांचं जतन होतं, तिथे चौकशी करून पाहा.

काकूंची अडचण सुटेल. माउंटला, म्हणजे चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याला, चित्रापुरती खिडकी कापायची, मजकूर माउंटखाली झाकला जातो. माउंट अ‍ॅसिड-फ्री घ्या. पत्र चिकटवायचं नाही, चार कोपऱ्यांना कागदाचे छोटे खिसे करून त्यात अडकवायचं. माउंटच्या जाडीमुळे काच चित्राला टेकत नाही. आणि फ्रेम उन्हाच्या भिंतीवर लावू नका. पाऊसभर ओल धरणाऱ्या भिंतीवरही नको.

खडकीचा माजी हवालदार

पोरी, त्या गृहस्थांना काय सांगायचं ते मी सांगतो.

आघाडीवरून पत्र लिहिताना गाव, नदी, पलटण कुठे आहे, यातलं काही लिहायचं नसतं. पत्ता म्हणजे पलटणीचं नाव आणि फौजी टपालाचा एपीओ नंबर. आघाडीवरच्या ठाण्याचं चित्र काढलं असतं तर ते घरी पोचलंच नसतं. मग शिपायाने काढायचं काय? समोर शेजाऱ्याचे हात असतात. तेच रोज दिसतात.

जमालपूरची एक गोष्ट आम्हा फौजी लोकांना पाठ आहे. आपले ब्रिगेडियर क्लेर यांनी ९ डिसेंबरला तिथल्या पाकिस्तानी कर्नलला शरण या म्हणून पत्र धाडलं. उत्तर आलं, त्यात बंदुकीची गोळी गुंडाळलेली. लिहिलं होतं की तुमचा लेखणीवर हात फार चांगला बसलाय, पुढच्या वेळी हातात स्टेनगन दिसू दे. १० तारखेच्या रात्री पाकिस्तानी सैनिक शहरातून बाहेर पडायला निघाले, तेव्हा दक्षिणेच्या रस्त्यावर जंगी पलटण बसली होती. रात्रभर चाललं. ११ ला सकाळी जमालपूर शरण आलं.

त्याच दिवसांत तुझे काका पेन्सिल तासत होते. मग धरलेला तो हातही त्याच रस्त्यावरचा असेल. यापेक्षा युद्धाचं आणखी काय पाहिजे? मी ११ ला येतो. पत्ता निरोपात टाक.

वारज्याची पुतणी

हवालदारकाका, तुमचं उत्तर काकूला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं.

फ्रेमवाले दादा, स्कॅन शनिवारी करतोय. लॅमिनेशन रद्द, भाऊही समजला. डांबराच्या गोळ्या ट्रंकेतून काढल्या, ते योग्यच ना? खिडकीची कल्पना काकूला पटली. फक्त मगाच्या चित्राची खिडकी बोटभर वरपर्यंत कापा म्हणते. तिथे चित्राच्या डोक्यावरची एक ओळ दिसेल: "इथे चहा गोड मिळतो, तू साखर पुरवून वापर."

तेवढी वाचली तर चालेल, म्हणाली.