फोटो जास्त तिथं सौंदर्य जास्त? कोल्हापूरच्या त्या नकाशाबद्दल

गंगावेसकर: उपनगरवाला यांनी काल नेटवरचे लोकेशनवाले फोटो मोजून कोल्हापूरचा ‘सौंदर्य नकाशा’ टाकला. जास्त फोटो तिथं लाल, कमी तिथं काळं: रंकाळा तलाव, भवानी मंडप, न्यू पॅलेस लालभडक, गंगावेस आणि शुक्रवार पेठ काळी, खाली ओळ ‘काळ्या भागात बघण्यासारखं काही नाही’. डोकंच फिरलं वाचून. पहाटे दूधकट्ट्यावर येऊन बघा, म्हैस समोर उभी, धार काढून ग्लास थेट हातात, फेस बोटांवर ओघळतोय. आजोबा तिथनं तालमीत जायचे, मी त्यांचं बोट धरून, एक फोटो नाही आमच्याकडं. आणि किरणोत्सव? ३१ जानेवारीपासनं तीन दिवस, आभाळ स्वच्छ असलं तर मावळतीची किरणं अंबाबाईच्या पायापासनं मुखापर्यंत चढतात. गाभाऱ्यात फोटोला बंदी. ते कुठल्या रंगात दाखवणार?

उपनगरवाला: भावना कळल्या, मग मोजायचं कसं ते सांगा की. नकाशे करणाऱ्या एरिक फिशरनं २०१० ला फ्लिकर-पिकासा या फोटोंच्या साइटवरच्या फोटोंवरनं जगातल्या शहरांचे असेच नकाशे केलेत.

गंगावेसकर: केलेत, पण त्यानं गावचे निळे आणि पाहुणे लाल असे वेगळे दाखवले. एकाच शहरात महिनाभर किंवा जास्त फोटो काढणारा तो गावचा. तुम्ही सगळा एकच काला केलाय. तुमचा नकाशा पाहुण्यांच्या गाड्या कुठं थांबतात तेवढंच सांगतो.

शाहूपुरी ४थी गल्ली: ब्रिटनमध्ये जागा किती सुंदर दिसते यावर लोकांनी फोटोंना १ ते १० मार्क दिले होते, वॉरिक विद्यापीठाच्या संशोधकांनी ते तपासले, नुसत्या सपाट गवताला मार्क कमी, जुने बुरूज-पूल असले की जास्त. म्हणजे फोटोतनं कळतं काहीतरी, अगदीच टाकाऊ नाही.

संध्यामठ: मार्कांचं राहू दे, रंकाळा लाल कसा काय? फोटोत मावळता सूर्य येतो, वास येतो का? वडील तळ्यातल्या संध्यामठापर्यंत पोहत जायचे, मी केंदाळ (जलपर्णी) बघत मोठा झालो.

शाहूपुरी ४थी गल्ली: केंदाळ काढलं की दोन वर्षांपूर्वी.

संध्यामठ: काढलं आणि परत आलं! नाल्याचं पाणी आत येतंय तोवर येणारच. काठावर लाइटिंग करून तळं सुधारतंय होय?

शाहूपुरी ४थी गल्ली: सगळं नाल्यावर ढकलू नका, निर्माल्य आपणच टाकतो. माझ्या आईनं पिशवी टाकणाऱ्याला हटकलं तर अंगावर आला तो.

संध्यामठ: आईंचं बरोबरच आहे. पण पिशवीनं केंदाळ वाढत नाही, मैल्यानं वाढतं. तळ्याकाठी राहून बघा आणि मग शिकवा.

शाहूपुरी ४थी गल्ली: तळ्याकाठी राहणाऱ्यांनीच बोलायचं काय? रंकाळा सगळ्या गावाचा आहे.

गंगावेसकर: अरे नकाशावर या. पंचगंगा घाट तेवढा लाल का, तर त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटेचे दिवे. वर्षातली एक पहाट!

उपनगरवाला: बरं, हे पटलं. एका माणसाचा एका दिवसाचा एकच फोटो धरतो, त्रिपुरीची पहाट वेगळी काढतो, ती ओळही खोडतो. नकाशा मात्र काढून टाकणार नाही, दोन महिने रात्री जागून केलाय.

संध्यामठ: आणि रंकाळा?

उपनगरवाला: रंकाळा लालच राहील.