वर्षाला फुल मॅरेथॉन किती आणि हाफ किती, कसं ठरवता?

पहाटेची_पावलं:
नमस्कार मंडळी, पुढच्या वर्षीचं कॅलेंडर बनवायला बसलोय आणि काहीच ठरत नाहीये. ग्रुपमध्ये कोणी लिंक टाकली की सगळे धडाधड रजिस्ट्रेशन करतात, त्या नादात माझ्या यादीत पण तीन फुल (४२ किमी) आणि जवळपास दर महिन्याला एक हाफ (२१ किमी) असं जमलंय. यंदा पहिली फुल झाली, साडेचार तासांच्या आत आलो, दुखापत काही नाही. आता चार तासांच्या आत यायचंय, ते अगदी मनापासून हवंय. तर जास्त रेस पळून सवय होते आणि टायमिंग सुधारतं, की उलट शरीर थकत जातं? नोकरी आहे, घरी मूल लहान आहे, आठवड्यातून चारच दिवस पळायला मिळतं.

रविवारचा_लाँगरन:
पहिल्या फुलबद्दल अभिनंदन! मी रेस मोजतच नाही, ट्रेनिंगचे ब्लॉक मोजते. फुलची नीट तयारी म्हणजे १६ ते १८ आठवडे, त्यात शेवटचे २-३ आठवडे टेपर म्हणजे पळणं हळूहळू कमी करायचं, आणि रेस झाल्यावर ३-४ आठवडे रिकव्हरी, म्हणजे एका फुलला साधारण पाच महिने गेले. वर्षात असे दोनच ब्लॉक बसतात, तिसरा कोंबला तर मधले जे नुसते आरामात किलोमीटर जमवायचे महिने असतात तेच खाल्ले जातात आणि पुढचं सगळं त्यावरच उभं असतं. टॉपचे लोक बघा ना, एलियुड किपचोगे २०१८ ला एप्रिलमध्ये लंडन पळाला आणि सप्टेंबरमध्ये बर्लिन, तिथे २:०१:३९ चा तेव्हाचा विश्वविक्रम. केल्विन किप्टमने २०२३ ला एप्रिलमध्ये लंडन आणि ऑक्टोबरमध्ये शिकागो, २:००:३५. ज्यांचं कामच पळणं आहे ते जर दोन फुलमध्ये पाच महिने ठेवतात तर नोकरी सांभाळून पळणाऱ्यांनी कमी का ठेवावेत?

चढावर_चालू_नका:
ताईंचं गणित बरोबर आहे पण दुसरी बाजू पण आहे. जपानचा युकी कावाउची सरकारी नोकरी करत करत वर्षाला ढीगभर मॅरेथॉन पळायचा, रेस म्हणजेच त्याचं कडक ट्रेनिंग, आणि २०१८ ची बोस्टन थंडी, पाऊस, वारा अशा भयानक हवेत त्यानेच जिंकली. अर्थात त्याच्यामागे कित्येक वर्षांचं मायलेज होतं त्यामुळे त्याचा आकडा उचलू नकोस, पण रेस ट्रेनिंगसाठी वापरायची ही गोष्ट नक्की उचल. चार तासांत यायचं म्हणजे किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंदांचा पेस. मग हाफमध्ये पहिले १०-१२ किमी आरामात आणि पुढचे सगळे त्या पेसने, रस्त्यात पाणी, एनर्जी जेल, गर्दी सगळ्याची प्रॅक्टिस आपोआप होते. अट एकच, बिब (छातीवरचा रेसचा नंबर) लावला की जीव तोडून पळायचं नाही, आणि खरं सांगू का, बहुतेकांना हेच जमत नाही. तुला जमणार नसेल तर हाफ कमी कर आणि एखाद-दोन १० के घे, त्यातून लवकर सावरतोस.

टेपर_सुरू_आहे:
एक मुद्दा राहिला. दम लवकर वाढतो, हाडं आणि टेंडन (स्नायूंना हाडाशी जोडणारे) मात्र फार सावकाश तयार होतात, म्हणून दुसऱ्या वर्षी माणसाला आपण काहीही पळू शकतो असं वाटतं आणि तेव्हाच दुखापती होतात. रेसनंतरची अंगदुखी चार दिवसांत जाते पण आतली झीज तेवढ्यात भरत नाही. जुन्या धावपटूंचा हिशोब आहे, जितके मैल रेस तितके दिवस जोरात पळायचं नाही, फुल म्हणजे २६ दिवस. मला हा हिशोब फार पटतो. सकाळी उठल्या उठल्याचे हार्टबीट नेहमीपेक्षा वाढलेले, झोप मोडतेय, सोपा रन पण जड जातोय, असं आठवडाभर चाललं तर पुढची रेस सोड, पैसे भरलेले असले तरी. आणि नडगीवर किंवा पावलावर एका बोटाने दाखवता येईल अशी जागा दुखत असेल तर पळणं बंद करून सरळ डॉक्टरकडे जा, स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणजे हाडाला बारीक तडा असू शकतो.
चार दिवसच मिळतात म्हणालास ना, मग प्रत्येक हाफ आधीच्या आणि नंतरच्या आठवड्यातले चांगले वर्कआउट खाते. दर महिन्याला हाफ म्हणजे ट्रेनिंग करणार कधी? घरचे रविवार पण त्यातच जातात.

पहाटेची_पावलं:
सगळ्यांचे आभार, घरच्या रविवारचा मुद्दा बरोबर लागला. एक फुल टायमिंगसाठी, त्याच्या ४-५ आठवडे आधी एक हाफ टेस्ट म्हणून, वर्षाच्या दुसऱ्या अर्ध्यात अजून एक फुल पण ती तब्येत बघून. हाफ एकूण तीन-चारच. तिसऱ्या फुलचे पैसे भरून झालेत, तिचं काय करू?

रविवारचा_लाँगरन:
नियम वाचा, बऱ्याच ठिकाणी ठरावीक तारखेपर्यंत फुलवरून हाफला बदलून देतात. बदलून मिळालं तर ती हाफ त्या तीन-चारमध्येच धरा, वेगळी नाही.