उद्यानातील खुल्या रंगमंचावर दंडार : परवानगीबाबत मदत हवी आहे

नमस्कार. नागपुरात आमच्या वस्तीजवळच्या महानगरपालिकेच्या उद्यानात झोपाळे, चालण्याची वाट आणि एक खुला रंगमंच आहे. दिवाळीनंतर, मंडईच्या म्हणजे गावोगावच्या जत्रांच्या दिवसांत, तेथे दंडारीचा विनामूल्य प्रयोग व्हावा अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण पूर्व विदर्भाची ही नाच-गाण्यांनी रंगणारी लोकनाट्यकला आमच्या मुलांनी समोर बसून कधी पाहिलेलीच नाही. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार ध्वनिवर्धकासाठी लेखी परवानगी लागते आणि रात्री १० नंतर तो उघड्यावर वाजवता येत नाही, हे ठाऊक आहे. गावाकडे दंडार रात्रभर रंगते, येथे मात्र सायंकाळीच आरंभ करावा लागेल. रंगमंचासाठी अर्ज झोन कार्यालयात करावा की उद्यान विभागाकडे? दंडारीच्या संहितेलाही रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे (नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचे) प्रमाणपत्र लागते का? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.